मुक्त भ्रमणध्वनी संच

मुक्त भ्रमणध्वनी संच : एका विशिष्ट दूरसंचार कंपनीच्याच जाळ्यावर चालण्याचे बंधन ज्यावर घातलेले नाही व ज्यात कोणत्याही कंपनीचे सिम कार्ड घालून ग्राहकास सेवा घेता येते, असा मोबाइल हँडसेट. रूढ बोलीत त्यास ‘अनलॉक’ संच म्हणतात. याउलट ज्या संचात विकणाऱ्या कंपनीखेरीज इतर कंपनीचे कार्ड घातल्यास तो काम करण्याचे नाकारतो, तो बद्ध किंवा ‘लॉक’ केलेला संच होय. हे बंधन रेडिओ तरंगांच्या किंवा विद्युत् मंडलांच्या स्वरूपातून आपोआप उद्‌भवत नाही. ते विक्रीच्या अटींतून येते व आज्ञावलीच्या साहाय्याने संचात बसविले जाते. त्यामुळे त्याचा इतिहास तंत्रविद्येइतकाच मालकी हक्काचा इतिहास आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची सत्ता कोठपर्यंत चालते, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी असून त्याचे उत्तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे दिले आहे.

पूर्वपीठिका : तारेच्या दूरध्वनीच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. अमेरिकेत बेल समूहाच्या कंपन्या ग्राहकाच्या घरी बसविलेले उपकरण भाड्याने देत. त्याची मालकी कंपनीकडे राही व त्यास परकी वस्तू जोडण्यास सक्त मनाई असे. ही मनाई किती टोकाला गेली होती, याचे उदाहरण म्हणून ‘हश-अ-फोन’ या वस्तूचा उल्लेख नेहमी केला जातो. बोलणाऱ्याचे शब्द शेजारच्यास ऐकू जाऊ नयेत म्हणून ध्वनिग्राहकावर बसविण्याचे ते केवळ एक पेल्यासारखे आवरण होते. त्यात वीज नव्हती की तार नव्हती. तरीही कंपनीने त्यास हरकत घेतली व अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ती उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. सार्वजनिक सेवेस अपाय होत नसेल, तर ग्राहकाने आपल्या सोयीसाठी उपकरणाचा वाटेल तसा उपयोग करावा, असा त्या निकालाचा आशय होता.

याहून दूरगामी ठरला तो १९६८ चा ‘कार्टरफोन’ निर्णय. टेक्सस राज्यातील टॉमस कार्टर यांनी दूरध्वनीचे हाताळे ठेवण्यासाठी एक बैठक तयार केली होती. तीमुळे तेल विहिरींसारख्या दूरच्या जागी असणाऱ्या माणसाकडील रेडिओ संचाचा संबंध दूरध्वनीच्या जाळ्याशी केवळ ध्वनीद्वारे जोडला जाई. कमिशनने या वेळी कार्टर यांच्या बाजूने कौल दिला. पुढे उत्तर नोंदविणारी यंत्रे, फॅक्स व संगणक जोडणारे मोडेम कोणाच्याही परवानगीवाचून भिंतीवरील खोबणीत लावता येऊ लागले, त्याचा पाया या निर्णयाने घातला. जाळे एकाचे व उपकरण दुसऱ्याचे असू शकते, हे तत्त्व येथे प्रथम निःसंदिग्धपणे मान्य झाले. मात्र ते तारेच्या दूरध्वनीपुरते होते. बिनतारी सेवेस ते लागू करण्याचा वाद पुढे चाळीस वर्षांनीही मिटलेला नव्हता.

भारतात १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारायंत्र व तदनुषंगिक सेवांचा एकाधिकार सरकारकडे आला. बंगलोर येथील इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यातील काळे उपकरण ही कित्येक दशके शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातील प्रतिष्ठेची वस्तू होती. ते मिळण्यासाठी वर्षानुवर्षे यादीत नाव लावून थांबावे लागे. उपकरण आपले की खात्याचे, हा प्रश्न अशा स्थितीत कोणास सुचणेही कठीण होते [⟶ दूरध्वनिविद्या].

सिम कार्डाचा उदय : मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क येथे हातात धरावयाच्या संचावरून पहिले संभाषण केले. अमेरिकेत व्यापारी तत्त्वावरील कोशिकीय सेवा १९८३ मध्ये शिकागो येथे सुरू झाली. या पहिल्या पिढीच्या सदृश पद्धतीत ग्राहकाचा क्रमांक संचाच्या स्मृतीतच नोंदविलेला असे. संच बदलावयाचा, तर कंपनीकडे जाऊन नव्या संचात नोंद करवून घ्यावी लागे. म्हणजे ग्राहक व यंत्र ही एकच गोष्ट मानली जात होती.

ही गाठ यूरोपात सुटली. तेथील टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने १९८२ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाने संपूर्ण खंडात चालेल अशी एकच अंकीय पद्धती आखली. ‘जीएसएम’ हे तिचे नाव त्या गटाच्या फ्रेंच नावावरूनच आले. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे तेरा देशांतील पंधरा सेवासंस्थांनी तिच्या स्वीकाराच्या करारावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमधील रेडिओलिनिया या कंपनीच्या जाळ्यावरून माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी पहिले संभाषण केले. त्याच वर्षी म्युनिकच्या गीझेके व डेव्ह्रिएंट या कंपनीने, जिचा मूळ व्यवसाय चलनी नोटा छापण्याचा, पहिली सिम कार्डे याच फिन्निश कंपनीस पुरविली. आरंभीचे कार्ड बँकेच्या कार्डाएवढे होते. त्याचे आकारमान क्रमाने घटत २०१२ मध्ये १२·३ × ८·८ मिमी. इतके झाले, आतील संकलित मंडलाचे कार्य मात्र तेच राहिले.

हे कार्य समजल्याखेरीज बंधनाचे स्वरूप ध्यानात येत नाही. कार्डात ग्राहकाची ओळख सांगणारा, बहुधा पंधरा अंकी क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे (भारतासाठी ४०४ व ४०५) व पुढील दोन किंवा तीन अंक कंपनीच्या जाळ्याचे असतात. त्याबरोबरच १२८ द्विमान अंकांची एक गुप्त किल्ली कार्डात साठविलेली असते. तिची दुसरी प्रत फक्त कंपनीकडे असते. संच सुरू केल्यावर जाळ्याकडून एक यादृच्छिक संख्या पाठविली जाते. कार्ड आपल्या किल्लीच्या साहाय्याने तीवर गणिती क्रिया करून उत्तर परत धाडते व कंपनीने स्वतंत्रपणे काढलेल्या उत्तराशी ते जुळल्यास प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः कधीच कार्डाबाहेर पडत नाही. या सर्व व्यवहारात हँडसेटचे काम केवळ निरोप्याचे आहे. त्याला स्वतःचा वेगळा पंधरा अंकी क्रमांक (आयएमईआय) असतो, पण देयक कोणाच्या नावे निघावे, याच्याशी त्याचा संबंध नाही. ग्राहक कार्डात व यंत्र हातात, अशी ही विभागणी असल्यामुळे कार्ड काढून दुसऱ्या संचात घालताच क्रमांक, खाते व शिल्लक सर्व काही त्याच्याबरोबर जाते.

बंधन नेमके याच ठिकाणी घातले गेले. विकतानाच संचाच्या स्मृतीत ठराविक जाळ्यांची यादी नोंदवून ठेवावयाची व कार्ड घातल्याबरोबर त्याच्या ओळख क्रमांकाचे पहिले पाच-सहा अंक या यादीशी ताडून पाहावयाचे; न जुळल्यास संचाने काम थांबवावे, इतकीच ही युक्ती आहे. जीएसएमच्या प्रमाण नियमांतच तिचे पाच प्रकार सांगितले आहेत. ते जाळ्यापुरते, जाळ्याच्या भागापुरते, सेवादात्यापुरते, एखाद्या उद्योगसंस्थेपुरते आणि एकाच कार्डापुरते असे आहेत. कंपनीने दिलेला सांकेतिक अंक कळफलकावर दाबला की बंधन सुटते. ज्या पद्धतीने यंत्र व ग्राहक यांची फारकत केली, तिच्याच नियमावलीत त्यांना पुन्हा एकत्र बांधण्याची सोय करून ठेवावी, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

अर्थकारण : कंपन्यांची बाजू अगदीच निराधार नव्हती. १९९० नंतरच्या दशकात हँडसेट फार महाग होता. कंपनीने तो मूळ किंमतीपेक्षा पुष्कळ कमी दरात किंवा फुकट द्यावा आणि ग्राहकाने वर्ष-दोन वर्षे ठराविक मासिक शुल्क भरावे, असा सौदा ब्रिटन व अमेरिकेत रूढ झाला. स्वस्तात संच घेऊन ग्राहक दुसऱ्याकडे जाऊ नये, म्हणून कुलूप. परंतु करार हा स्वतःच बंधनकारक असतो व तो मोडल्यास दंडाची तरतूद असते. मग कराराची मुदत संपल्यावर, किंवा संपूर्ण किंमत चुकती केल्यावरही कुलूप का राहावे, याचे समाधानकारक उत्तर कंपन्यांना देता आले नाही. फिनलंडमध्ये संच व सेवा एकत्र विकण्यास २००६ पर्यंत कायद्यानेच मनाई होती. तेथे लोक संच दुकानातून पूर्ण किंमतीस घेत व सेवेसाठी कंपन्यांना आपसांत दरांची स्पर्धा करावी लागे. मोबाइलचा प्रसार तेथे यामुळे मुळीच खुंटला नाही, ही गोष्ट कुलुपाच्या समर्थकांनी सहसा विचारात घेतलेली नाही.

अमेरिकेतील वाद : अमेरिकेत जीएसएमबरोबरच सीडीएमए ही पद्धतीही मोठ्या प्रमाणावर वापरात होती. तीत कार्ड नसे. संचाचा क्रमांक कंपनीच्या यादीत असेल तरच सेवा मिळे. त्यामुळे व्हेरायझन किंवा स्प्रिंट यांचा संच दुसरीकडे नेणे जवळजवळ अशक्य होते. २९ जून २००७ रोजी ॲपल कंपनीचा आयफोन केवळ एटी अँड टीच्या जाळ्यासाठी विक्रीस आला, तेव्हा हा विषय प्रथमच घरोघरी चर्चिला गेला. दोन महिन्यांच्या आतच न्यू जर्सीतील जॉर्ज हॉट्झ या किशोरवयीन मुलाने त्याचे कुलूप उघडून दाखविले. जर्मनीत तर व्होडाफोनने न्यायालयात धाव घेतल्यामुळे टी-मोबाइलला नोव्हेंबर २००७ मध्ये काही काळ मुक्त आयफोन विकावा लागला. कराराबरोबर ३९९ यूरोस मिळणाऱ्या या संचाची मुक्त किंमत ९९९ यूरो ठेवण्यात आली होती.

अमेरिकेत कुलूप उघडण्याचे कृत्य प्रताधिकार कायद्याच्या कचाट्यात सापडले, हा या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल. १९९८ च्या एका अधिनियमाने प्रताधिकारित कृतींचे संरक्षण करणारी तांत्रिक कुलुपे तोडणे बेकायदा ठरविले होते. चित्रपट व संगीताची चोरी थांबविणे, हा त्याचा मुख्य हेतू. पण हँडसेटमधील आज्ञावली हीसुद्धा प्रताधिकारित कृतीच असल्याने स्वतःच्या मालकीचा संच दुसऱ्या कंपनीकडे नेणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने तोच अपराध करीत होता. यातून सूट देण्याचा अधिकार काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे होता व त्याने ती २००६ आणि २०१० मध्ये दिली. मात्र २६ जानेवारी २०१३ नंतर विकत घेतलेल्या संचांस ती नाकारण्यात आली. तेव्हा एक लाखाहून अधिक नागरिकांनी सह्या केलेला अर्ज राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे गेला. त्यास अनुकूल उत्तर मिळाले व १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी संच मुक्त करण्यास परवानगी देणाऱ्या अधिनियमावर स्वाक्षरी केली. पण कंपन्यांनी मुळात कुलूप लावूच नये, असे हा अधिनियम म्हणत नाही.

ती पायरी इतर देशांनी गाठली. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून सर्व नवे संच मुक्त स्थितीत देणे व जुने विनाशुल्क मुक्त करणे सक्तीचे झाले; जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून व ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बद्ध संचांच्या विक्रीस बंदी आली.

भारत : भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू व केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाले. सरकारने जीएसएम पद्धती निवडली होती व प्रत्येक परिमंडळात दोन खाजगी कंपन्यांना परवाने दिले होते. मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ ठरले, तर उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. त्यामुळे मुंबईचे कार्ड घेऊन पुण्यास गेलेला मनुष्य कागदोपत्री परक्या जाळ्याचा पाहुणा ठरे. हँडसेटला सवलत देण्याची प्रथा मात्र येथे रुजली नाही. ग्राहक संच दुकानातून किंवा परदेशातून आणवून रोख घेत व कार्ड वेगळे घेत. आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीचा प्रचंड प्रसार झाल्यावर तर दीर्घ मुदतीचा करार ही कल्पनाच बहुसंख्य ग्राहकांना अपरिचित राहिली. श्रीमंत देशांतील ग्राहकांना जे स्वातंत्र्य कायदे करवून मिळवावे लागले, ते भारतीय ग्राहकास कंपन्यांनी सवलत न दिल्यामुळे आपसूक मिळाले.

यास मोठा अपवाद रिलायन्स इन्फोकॉमचा. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीने २८ डिसेंबर २००२ रोजी सीडीएमए सेवेचा प्रारंभ केला व जुलै २००३ मध्ये ‘मान्सून हंगामा’ योजनेखाली आरंभी केवळ ५०१ रुपये भरून हँडसेट देण्यास सुरुवात केली. उरलेली रक्कम मासिक देयकातून वळती होई. तोपर्यंत मोबाइल ही डॉक्टर, कंत्राटदार व दलाल यांची वस्तू होती. ती भाजीविक्रेते, रिक्षाचालक व गवंडी यांच्या हाती पोहोचविण्यात या योजनेचा वाटा निर्विवाद आहे. परंतु या संचात कार्ड नव्हते. तो दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालत नसे व विकावयाचा म्हटले, तरी घेणाऱ्यास त्याच कंपनीकडे जावे लागे. अनेक ग्राहकांचे हप्ते थकले, तेव्हा सेवा तोडली गेली व हाती उरलेले यंत्र निरुपयोगी झाले. सीडीएमए सेवा पुढे २०१७ च्या सुमारास देशातून जवळजवळ नाहीशी झाली आणि चालू स्थितीतील संचही टाकाऊ ठरले. ५०१ रुपयांत मिळालेली वस्तू कितपत आपली होती, हे अशा ग्राहकांस तेव्हा कळले.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे. ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल व व्होडाफोन यांनी भारतात आणलेल्या आयफोनची किंमत ३१,००० रुपयांपासून पुढे होती. म्हणजे सवलत काहीच नाही, तरीही कुलूप कायम. त्या ग्राहकांचा वर्ग लहान असल्याने त्याचा फारसा बोभाटा झाला नाही. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणारी पुण्या-मुंबईची मंडळी सुटीत घरच्यांसाठी जे संच आणीत, त्यांची गत साधारण अशीच होई. सीडीएमएचा संच असल्यास तो कपाटात जाई; जीएसएमचा असल्यास मुंबईचे मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोड गाठून कुलूप उघडून आणावे लागे. तेथील कारागीर संचाच्या क्रमांकावरून सांकेतिक अंक काढीत किंवा आज्ञावली नव्याने भरीत. सिम कार्डाखाली चिकटविण्याची एक पातळ मंडलपट्टीही मिळे. ती संचास कार्डाची खोटी ओळख सांगून चकवीत असे. या कारागिरांपैकी बहुतेकांनी विद्या दुकानातच संपादन केलेली होती.

मे २००३ पासून येणाऱ्या संभाषणाचे शुल्क रद्द झाले व ग्राहकांची खरी वाढ त्यानंतर झाली. परवानाधारक कंपन्यांची संख्या वाढत जाऊन दरयुद्ध पेटले. एका कंपनीचा दर रात्री स्वस्त, दुसऱ्या कंपनीचा आपल्याच ग्राहकांशी बोलण्यास स्वस्त, तर सह्याद्रीच्या कुशीतील किंवा कोकणातील एखाद्या गावात मनोरा फक्त तिसऱ्याचा, या परिस्थितीत एकाच संचात दोन कार्डे बसविण्याची सोय ही चैन नसून निकड होती. ती प्रथम स्वस्त चिनी संचांनी व त्यांच्या पाठोपाठ भारतीय नाममुद्रांच्या संचांनी पुरविली. नोकिया या तेव्हाच्या अग्रेसर कंपनीने तिची दखल घेण्यास २०११ उजाडले. दोन कार्डांचा संच हा मुक्त संचाचाच पुढचा टप्पा होय. त्यात ग्राहकाला कार्ड बदलण्याचेही श्रम उरत नाहीत. या स्वस्त संचांपैकी पुष्कळांत आयएमईआय क्रमांक नसे किंवा एकच क्रमांक हजारो संचांत असे. सुरक्षेच्या कारणास्तव सरकारने ३० नोव्हेंबर २००९ पासून असे संच जाळ्यावरून वगळण्याचा आदेश दिला. तत्पूर्वी क्रमांक भरून घेण्यासाठी अधिकृत केंद्रांवर लोकांची रीघ लागली होती.

तथापि संच मुक्त असूनही क्रमांक बद्ध होता. दुकानाच्या पाटीवर रंगविलेला, गिऱ्हाइकांच्या वह्यांत उतरलेला क्रमांक सोडणे नळकारागिरास किंवा टॅक्सीचालकास परवडणारे नव्हते. त्यामुळे सेवा वाईट असली, तरी तो त्याच कंपनीकडे राही. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय प्रथम २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात व २० जानेवारी २०११ पासून सर्व देशात मिळाली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून मिळणारा आठ अक्षरांचा संकेत नव्या कंपनीस दिला की काम होई. ३ जुलै २०१५ पासून एका परिमंडळाचा क्रमांक दुसऱ्यात नेता येऊ लागला व नागपूरचा क्रमांक बंगलोरच्या कंपनी कार्यालयात नोंदविणे शक्य झाले. हँडसेटची मुक्तता व क्रमांकाची मुक्तता या एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत, हे भारताच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

रिलायन्स जिओने २०१७ मध्ये १,५०० रुपये परतीच्या ठेवीवर दिलेला ‘जिओफोन’ पुन्हा आपल्याच कार्डापुरता बद्ध होता. १४ वर्षांपूर्वीच्या योजनेचे हे नवे रूप होते. फरक इतकाच की, या वेळी ठेव असल्याने हप्ता थकण्याचा प्रश्न नव्हता. दरम्यान २०१६ नंतरच्या तीव्र स्पर्धेत कित्येक कंपन्या बंद पडल्या किंवा विलीन झाल्या. संच दहा ठिकाणी चालू शकेल, पण जाण्यासारखी ठिकाणे तीन-चारच, अशी अवस्था आली.

मुक्ततेच्या मर्यादा : कुलूप नसलेला संच सर्वत्र चालतोच, असे नाही. संचातील प्रेषक व ग्राही ठराविक कंप्रतापट्ट्यांसाठी बनविलेले असतात. भारत व यूरोप येथे जीएसएमसाठी ९०० व १,८०० मेगॅहर्ट्‌झ, तर अमेरिकेत ८५० व १,९०० मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्या वापरात आल्या. चौथ्या पिढीत तर पट्ट्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. त्यामुळे परदेशातून संच घेताना तो मुक्त आहे काय, याबरोबरच तो कोणत्या पट्ट्यांवर चालतो, हेही पाहावे लागते. चौथ्या पिढीत संभाषणदेखील माहितीच्या पुडक्यांच्या रूपात जाते व त्यासाठी जाळ्याने त्या संचास मान्यता दिलेली असावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने तिसऱ्या पिढीची सेवा बंद केली, तेव्हा तिच्या मान्यताप्राप्त यादीत नसलेल्या अनेक मुक्त संचांवरून बोलणे अशक्य झाले. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली, त्या वेळीही संच आवश्यक त्या पट्ट्यांचे असून उत्पादकांनी आज्ञावलीत सुधारणा करीपर्यंत ग्राहकांना थांबावे लागले.

सिम कार्ड हे वेगळे प्लॅस्टिकचे साधन न राहता संचातच जडविण्याची पद्धती (ई-सिम) २०१६ नंतर प्रचारात येऊ लागली. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोनमध्ये कार्डाची खाच ठेवण्यात आली नाही. या पद्धतीत परदेशी प्रवाशास विमानतळावर उतरण्यापूर्वीच स्थानिक कंपनीचे खाते संचात उतरवून घेता येते व एकाच संचात अनेक खाती ठेवता येतात. परंतु संच बिघडला किंवा पाण्यात पडला, तर कार्ड नखाने बाहेर काढून शेजाऱ्याच्या संचात घालण्याची सोय तीत नाही; खाते दुसरीकडे नेण्यासाठी कंपनीच्या यंत्रणेतून नवी नोंद व्हावी लागते.